12 आठवड्यांची इंटर्नशिप, 3 आठवडे झाले नुसती बर (होलच्या कडेला राहिलेला धातूचा धारदार काठ) काढतोय. सोडू का?

अंबडचा_नवखा

नमस्कार मंडळी. डिप्लोमा मेकॅनिकल, चौथं सेमिस्टर झालं, के स्कीमवाला (डिप्लोमाचा नवा अभ्यासक्रम) आहे म्हणजे 12 आठवडे इंटर्नशिप कंपल्सरी. कॉलेजने यादी लावली तेव्हा त्यातल्या मोठ्या कंपन्या पहिल्या दिवशीच संपल्या, काही टॉपरला गेल्या आणि काही ज्यांचे काका मामा आत आहेत त्यांना. मला पप्पांच्या ओळखीने नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका व्हेंडरकडे (मोठ्या कंपन्यांना पार्ट बनवून देणारा) जागा मिळाली, 35-40 माणसं आहेत, सीएनसी 6 आणि व्हीएमसी 2 (दोन्ही कॉम्प्युटरवर चालणारी मशीन). आधी खूप खुश होतो, व्हीएमसीवर हात बसेल म्हणून युट्यूबवर जी कोड एम कोड (मशीनला द्यायच्या आज्ञा) पण बघून गेलो होतो.

पहिल्या दिवशी सुपरवायझरने एक कानस दिली, एक डिबरिंग टूल दिलं, आणि क्रेट दाखवला. एमएसच्या (साध्या स्टीलच्या) फ्लँज म्हणजे जोडणीच्या चकत्या, प्रत्येकी 6 होल. होलच्या मागच्या बाजूची बर काढायची, कडेवरून कानस मारायची, बोट फिरवून बघायचं, पलीकडच्या क्रेटमध्ये टाकायचं. तेव्हापासून आजपर्यंत हेच. दिवसाला 250-300 फ्लँज होतात. दोन्ही अंगठ्यांना टेप लावून फिरतोय. राहायला सिन्नर फाट्याला, त्यामुळे पहाटे साडेपाचला निघून दोन सिटीलिंक बस बदलून सातच्या आत पंचिंग, आणि संध्याकाळी द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमधून घरी पोचलो की आई विचारते आज काय शिकला. पहिल्या आठवड्यात काहीतरी सांगायचो, आता म्हणतो जेवायला वाढ.

स्टायपेंड नाही. बसचे पैसे घरून. मित्राने कुठूनतरी 2000 रुपये देऊन 12 आठवड्यांचं सर्टिफिकेट आणलंय आणि घरी बसून कॅडचा कोर्स करतोय, तो म्हणतो तू फुकटचा हेल्पर झालायस. खरं सांगायचं तर मला पण तसंच वाटायला लागलंय. सोडून द्यावं का? का कोणी सांगेल की यात शिकण्यासारखं काय आहे?

मिसळ_पाव_एक्स्ट्रा

बर काढतोयस ना, मग बरंच चाललंय की 😄 माझ्या भावाला तर 6 आठवडे झेरॉक्स काढायला लावलेलं, त्याला आता टोनर बदलता येतो.

सेटर_सातपूर

वरच्याकडे लक्ष देऊ नको भाऊ. मी आयटीआय टर्नर, 2009 ला अप्रेंटिस म्हणून लागलो होतो, आता सेटर आहे, म्हणजे मशीन कामाला लावून देणारा. आमचे पहिले दोन महिने झाडू आणि कूलंटची (कापताना टूल थंड ठेवणाऱ्या पाण्या-तेलाची) टाकी साफ करण्यात गेले, उन्हाळ्यात कूलंट सडलं की जो वास येतो तो घरी गेल्यावर पण नाकातून जायचा नाही. म्हणजे तुझ्यावर काही वेगळं होतंय असं नाही. पण चाललंय ते बरोबर चाललंय असंही मी म्हणणार नाही, 12 आठवडे एकाच टेबलाला बसवून ठेवणं म्हणजे फुकटचा माणूस वापरणंच झालं.

आता आमची बाजू पण ऐक, कारण ही तुला कोणी तोंडावर सांगणार नाही. माझ्या मशीनचं टार्गेट ठरलेलं असतं. तुला ऑफसेट (टूलच्या जागेचा आकडा) कसा देतात हे 10 मिनिटं समजावलं की माझे 4 जॉब म्हणजे पीस गेले, संध्याकाळी शीटवर आकडा कमी आला की बोलणी मी खातो, तू नाही. आणि ऑपरेटर बहुतेक ठेकेदाराचे असतात, त्यांच्या डोक्यात वेगळंच असतं, हे डिप्लोमावालं पोरगं शिकलं की उद्या आपल्याच डोक्यावर साहेब म्हणून येणार. ते तुला शत्रू समजत नाहीत पण मशीनजवळ आलास की पाठ फिरवतात. दिसलं असेल तुला.

यावर उपाय एकच, चहा. दहाच्या चहाला साहेबांच्या केबिनजवळ घुटमळू नको, सेटरजवळ जाऊन उभा राहा. रोज एकच प्रश्न, तो पण त्याच्या कामातला. "दादा हा टूल तुम्ही आत्ता का बदलला" असा. माणूस स्वतःच्या कामाबद्दल विचारलं की बोलतो. "मला प्रोग्रामिंग शिकवा" म्हणालास की तो म्हणणार जा बर काढ.

पॅनलवाली

मी इलेक्ट्रिकलची, मागच्या वर्षी सातपूरला कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या युनिटमध्ये होते. तुला निदान शॉपवर (मशीन चालतात तिथे) तरी उभं केलंय रे. मला आणि मैत्रिणीला पहिल्याच दिवशी ऑफिसमध्ये बसवून टाकलं, एक्सेलमध्ये बिलं भरा, मुलींना शॉपवर नको म्हणे. का नको तर तिकडे टॉयलेट लांब आहे. आम्ही म्हटलं सर आम्ही चालत जाऊ. हसले सगळे, पण आठ दिवसांनी पाठवलं.

तिकडे वायरिंगला सगळ्या बायकाच होत्या, 10-10 वर्षं काम करणाऱ्या, कोणी दहावी कोणी बारावी. त्यातल्या एका मावशींनी मला फेरूल वाचायला शिकवलं. वायरच्या दोन्ही टोकांना जे छोटे पांढरे नंबर असतात ना ते. ड्रॉइंग उघडायच्या आधी त्या नुसत्या फेरूल बघून सांगायच्या ही वायर कुठून आली कुठे जाणार. लग (वायरच्या टोकाचा धातूचा तुकडा) क्रिंप केल्यावर म्हणजे दाबून बसवल्यावर वायर ओढून बघायची, सुटली तर आत्ताच सुटू दे, साइटवर सुटली तर आग लागेल म्हणायच्या. कॉलेजमध्ये पॅनलचा फोटो होता पुस्तकात, तोही ब्लॅक अँड व्हाइट.

पण सगळं गोड नव्हतं हे पण लिहिते. एकदा डिस्पॅच होता म्हणून आठपर्यंत थांबायला सांगितलं, सगळ्यांसमोर नाही कसं म्हणायचं म्हणून थांबलो, आणि बाहेर आलो तर रिक्षावाला पपया नर्सरीपर्यंतच यायला तयार, पुढे बाबा घ्यायला आले. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या सरांना फोन केला, त्यांनी कंपनीत सांगितलं की पोरी जनरल शिफ्टलाच. मग नीट झालं. सांगायचा मुद्दा असा की तू तुझ्या फॅकल्टी मेंटरला सांगितलंयस का? का नुसतं इथेच लिहितोयस?

अंबडचा_नवखा

नाही सांगितलं ताई. सर एकदा येऊन गेले पण ते केबिनमध्ये बसले, सही घेतली, चहा घेतला, मला फक्त लांबून हात केला.

डायरी_तपासनीस

तो हात करणारा सर मीच असू शकतो 🙂 तुझ्या कॉलेजचा नसेन, पण आमचं सगळ्यांचं तेच चाललंय. माझ्याकडे 46 पोरं आहेत, सातपूर अंबड सिन्नर गोंदे अशी विखुरलेली, आणि सुट्टीत पेपर तपासणी पण असते. पेट्रोल स्वतःचं. त्यामुळे एका कंपनीत 20 मिनिटं मिळतात, आणि तेवढ्यात मालकाला दुखवलं तर पुढच्या वर्षी तो पोरं घेणार नाही ही भीती डोक्यात असते. सबब म्हणून सांगत नाहीये, असं आहे म्हणून सांगतोय.

आता दोन-तीन गोष्टी स्पष्ट करतो कारण दर वर्षी पोरं यात घोळ घालतात. तू अप्रेंटिस नाहीस. अप्रेंटिसशिप 1961 च्या कायद्याखाली येते, तिथे रीतसर करार होतो, पोर्टलवर नोंद होते, स्टायपेंड द्यावाच लागतो, 30 किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला एकूण माणसांच्या अडीच ते 15 टक्के अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे. ते तुला डिप्लोमा झाल्यावर करता येईल. तुझी ही इंटर्नशिप अभ्यासक्रमाचा भाग आहे, तिला क्रेडिट आहेत, स्टायपेंड कंपनीच्या मनावर. मागच्या स्कीमला 6 आठवडे होते तेव्हा पोरं कशीबशी काढायची, 12 झाल्यापासून पैशाचा प्रश्न खरा झालाय, गावाकडून येऊन रूम करून राहणाऱ्याला तर फारच. आणि ते मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचे 8000 आम्हाला का नाही म्हणून जे विचारतात त्यांच्यासाठी, 2024 ला आलेली ती योजना शिक्षण संपलेल्यांसाठी आहे, चालू शिक्षणवाल्यांना नाही. पीएम इंटर्नशिप पण 2024 ला आली तेव्हा 21 ते 24 वयाची होती आणि फुलटाइम शिकणाऱ्यांना नव्हती.

सर्टिफिकेट विकत घेण्याबद्दल. 2000 रुपये वाया जातील असं म्हणणार नाही, खूप जणांचं खपून जातं. पण तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक येतात आणि कधीकधी कंपनीतले असतात. एकदा एकाला विचारलं, गो गेज (मापाचा दांडा, होल ठीक असेल तर तो आत गेलाच पाहिजे) जॉबमध्ये गेला, आता काय करशील. तो म्हणाला सर रिजेक्ट करीन. 12 आठवडे मशीन शॉपमध्ये होता म्हणे! परीक्षकांनी त्याची इंटर्नशिपची डायरी मिटली आणि माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे नाही.

तू उद्या सरांना मेसेज टाक. तक्रार म्हणून नको, एवढंच लिही की 3 आठवडे एकाच कामावर आहे, डायरीत लिहायला काही राहिलं नाही, दर 3 आठवड्यांनी विभाग बदलून मिळेल का. ट्रेनिंगचं वेळापत्रक द्यायचं असतंच कंपनीने, बहुतेक ठिकाणी ते कागदावरच राहतं. आणि विचार की अपघात विमा काढलाय का, काढला असेल तर पॉलिसीची कॉपी मोबाईलमध्ये ठेव.

वर्कशॉप_1998

माझं छोटं वर्कशॉप आहे, 14 माणसं. दर वर्षी 2 पोरं घेतो. मालकाला शिव्या घालायच्या आधी ऐका.

5-6 वर्षांपूर्वी एक हुशार पोरगं आलं होतं, चांगलं होतं, मी म्हटलं बसू दे मशीनवर. ऑफसेट टाकताना अधिक-उणेचं चिन्ह चुकवलं आणि सायकल स्टार्टचं बटण दाबलं. टूल सरळ जॉबमध्ये घुसलं. आवाज असा आला की शेजारच्या गाळ्यातले लोक धावत आले. पोराला काही झालं नाही, देवाची कृपा, पण स्पिंडल (टूल फिरवणारा मुख्य दांडा) गेला आणि 3 दिवस मशीन उभं. बँकेचा हप्ता उभा राहत नाही हो. त्यानंतर मी पण पोरांना आधी बर काढायलाच बसवतो, हे कबूल करतो. पण 12 आठवडे नाही. दोन आठवडे, आणि त्यामागे कारण असतं.

नवख्या, तुला एक विचारतो. बर होलच्या कुठल्या बाजूला येते? ड्रिल जिथून बाहेर पडतो तिथे, बरोबर ना. आता सांग, सगळ्या फ्लँजची बर सारखी असते का? 3 आठवड्यात 4-5 हजार फ्लँज हातातून गेल्यात तुझ्या, एवढ्या तुमच्या सेटरने पण हातात घेतल्या नसतील. काही बारीक दोऱ्यासारख्या, टूल फिरवलं की निघून जातात, आणि काही जाड, टोपीसारख्या होलवर बसलेल्या, त्या काढताना अंगठा सोलतो. असंच आहे का बघ.

असेल तर जाड बर कधी येते ते शोध. व्हीएमसीच्या ऑपरेटरला सांग दादा क्रेटमध्ये टाकताना मार्करने नंबर टाकाल का, किंवा तू स्वतः टाक. ड्रिल बदलल्यापासून कितवा पीस आहे आणि बर कशी आहे, एवढंच वहीत लिही, दोन दिवस. मग ये इथे.

आणि 18 पूर्ण आहेस का? नसशील तर चालू मशीन पुसायला, ऑइल द्यायला कोणी लावलं तर सरळ नाही म्हण, हे 1948 च्या फॅक्टरी कायद्यापासून लिहिलेलं आहे. आणि 18 चा असलास तरी ड्रिलिंग मशीनजवळ हातमोजे घालू नको. पोरांना वाटतं हातमोजे म्हणजे सेफ्टी. फिरत्या ड्रिलमध्ये हातमोज्याचा एक दोरा अडकला की हात सोबत जातो. मनगटावरचा त्र्यंबकचा दोरा, कडं, सगळं घरी. चिप (कापलेल्या धातूचा तुकडा) ब्रशने किंवा हुकने काढायची, बोटाने कधीच नाही.

सेटर_सातपूर

काका जाड बरचं एकदम बरोबर. आमच्याकडे ड्रिल "आवाज करायला लागला की बदलायचा" असाच नियम आहे 😅 शीटवर टूल लाइफ (एक टूल किती पीस चालवायचं ते) लिहिलेलं असतं, बघतं कोण.

मिसळ_पाव_एक्स्ट्रा

टोनरचं पण तसंच असतं, फिकट यायला लागलं की हलवून परत लावायचा

अंबडचा_नवखा

चार दिवसांनी लिहितोय, सॉरी, घरी येऊन झोपून जायचो.

18 पूर्ण आहेत काका, मार्चमध्ये झाले. दोरा काढला, आईला कारण सांगितलं तर ती म्हणाली देवघरात ठेव.

ऑपरेटर दादा आधी म्हणाले नंबर बिंबर टाकायला वेळ नाही. मग मी चहाला त्यांच्याजवळ उभा राहिलो आणि विचारलं दादा ड्रिल आज कधी बदलला, तर म्हणाले साडेआठला, का रे? मी क्रेटमधल्या दोन फ्लँज नेल्या होत्या खिशात, एक बारीक बरवाली एक टोपीवाली, दोन्ही हातात दिल्या. त्यांनी दोन्हीवर अंगठा फिरवला, काही बोलले नाहीत, पण दुपारपासून जॉब क्रमाने लावून ठेवायला लागले, मार्कर मीच घेऊन गेलो.

दोन दिवसांचं लिहिलंय. पहिले 60-70 पीस काहीच त्रास नाही, टूल एकदा फिरवलं की झालं. 90 च्या आसपास एका बाजूला जाड व्हायला लागते. 110 नंतर टोपी. आणि ते ड्रिल बदलतात कधी? पहिल्या दिवशी 164, दुसऱ्या दिवशी 151. म्हणजे मी जे अंगठे सोलून घेत होतो ते सगळे 110 च्या पुढच्या पीसचे!! शेवटच्या 50 फ्लँजना मला आधीच्या 100 एवढाच वेळ लागतो, हे पण घड्याळ लावून बघितलं.

सुपरवायझरला वही दाखवली. ते म्हणाले तुला काय करायचंय यात, आपलं काम कर. तोंड एवढंसं झालं माझं. पण सेटर बाजूलाच उभे होते त्यांनी वही मागितली, बघितली, आणि म्हणाले सकाळी सातला थेट माझ्याकडे ये. काल त्यांनी जुना ड्रिल आणि नवीन ड्रिल भिंगातून दाखवले, जुन्याच्या धारेचा कोपरा गोल झालेला होता आणि एक ओठ (कापणारी कड) दुसऱ्यापेक्षा जास्त झिजलेला. मग स्वतः कंट्रोलवर काउंटर 100 ला लावला, म्हणजे 100 पीसनंतर ड्रिल बदलायचा, कसा लावतात ते मला बघू दिलं, हात लावू दिला नाही.

आज डिबरिंग अडीचलाच संपलं. सुपरवायझर म्हणाले रिकामा बसू नको, क्वालिटीला जा, तिकडे प्लग गेज (होलचं माप तपासायचा दांडा) घेऊन बस. जाताना एवढं म्हणाले की ते 164 वगैरे डायरीत लिहू नको, पुढच्या आठवड्यात कस्टमरचं ऑडिट आहे.

डायरी_तपासनीस

लिही. आकडे लिही, कंपनीचं आणि पार्टचं नाव लिहू नको. "टूल बदलण्याआधी आणि नंतर" एवढं लिहिलंस तरी परीक्षकाला कळतं. आणि तुझ्या सरांना मेसेज टाकलास का ते नाही सांगितलंस.

अंबडचा_नवखा

टाकला सर. उत्तर आलं "ओके बघतो". विम्याचं विचारलं तर म्हणाले ऑफिसमध्ये चौकशी करतो, अजून काही नाही.

पॅनलवाली

रोज विचार. विम्याचं रोज विचार, लाजू नको. आम्हाला पाचव्यांदा विचारल्यावर कॉपी मिळाली होती.

वर्कशॉप_1998

100 चा काउंटर ठीक आहे पण ड्रिलचा खर्च वाढला म्हणून आठ दिवसांत कोणीतरी तो परत 150 करेल बघ, खरेदीवाला ओरडतोच. तेव्हा तुझी ती वेळेची वही कामाला येईल, 50 फ्लँजना किती मिनिटं जास्त लागली ते. ड्रिल रिशार्प करून (परत धार लावून) घेतात का विचार, अंबडला रिग्राइंडिंगवाले आहेत. त्याचा हिशोब मांडून सेटरला दे, सुपरवायझरला नको.

प्लग गेज जोरात दाबू नको. त्याची गो बाजू स्वतःच्या वजनाने गेली पाहिजे.

सेटर_सातपूर

आणि होलमध्ये बर असताना गेज घालू नको भावा, गेज खराब होतो आणि रीडिंग पण खोटं. ते तर तुला आता येतंच 😄

अंबडचा_नवखा

हो दादा. अजून एक, सेफ्टी शूज कंपनीने दिलेत ते 8 नंबरचे आहेत, मला 9 लागतात, टाच सोलली आहे. सिडकोत कुठे चांगले मिळतील 700-800 पर्यंत? शनिवारी सुट्टी आहे, तेव्हा जाईन.